रस्त्यापलीकडची चित्रशाळा

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांचा निकाल लागला, की आपल्या जिल्ह्यातील शाळांच्या फळ्यांवर 'अ' श्रेणी मिळविणाऱ्यांची नावे लिहिली जातात. त्यांत आपल्या समाजातील मुलामुलींची नावे असतात, आणि कधी कधी तर ती पहिल्या ओळीत असतात. दोन-चार दिवस कौतुक होते, प्रमाणपत्र कपाटात जाते, आणि विषय तेथेच संपतो. त्यांपैकी फार थोडी नावे पुढे एखाद्या कलामहाविद्यालयाच्या हजेरीपटावर दिसतात.

ड्रॉइंगमास्तर म्हणून माझी उभी हयात गेली. पुष्कळ वर्षांपूर्वी कुवेतहून सुट्टीवर आलेले एक पालक मला भेटावयास आले. त्यांच्या मुलाचा हात फार चांगला होता आणि त्याला चित्रकलेच्या शाळेत घालावे, असे मी निरोपाने कळविले होते. ते म्हणाले, "सर, पोरगा हुशार आहे म्हणता, खुशीची गोष्ट आहे. पण चित्रं काढून पोट भरतं काय? आणि आपल्यात तसबीर काढणं चालतं काय?" प्रश्न हसत विचारले होते, परंतु ते गंभीर होते. मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिले. त्या मुलाने पुढे वायरमनचा कोर्स केला, आखातात गेला आणि उत्तम कमावतो. त्याचे मला मुळीच वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते एवढ्याचसाठी, की त्याच्या वडिलांना जी हकीकत सांगावयास हवी होती, ती मलाच तेव्हा नीट ठाऊक नव्हती. ती आज या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगतो. फतवा देण्याचा अधिकार मला नाही. इतिहास मात्र सांगता येईल.

आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांनी रत्नागिरीहून आगबोटीने मुंबई गाठली, ते भाऊच्या धक्क्यावर उतरून बहुधा क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला येत. तेथून हाकेच्या अंतरावर कोकणी जमातीची जामा मशीद आहे. 1802 साली तिचे बांधकाम पुरे झाले, आणि 1837 साली कोकणी सौदागर मोहम्मद अली रोगे यांनी तिच्यावर मजला चढविला. नमाज पढून, मार्केटात सौदा घेऊन आपली माणसे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या वावरली. त्याच मार्केटासमोर, रस्ता ओलांडला की, झाडांच्या गर्दीत एक जुनी दगडी इमारत आहे. ती सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. मशिदीपासून पायी पाच-दहा मिनिटांचा रस्ता. तो रस्ता ओलांडून आत गेलेले कोकणी मुसलमान हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असावेत, असे मला वाटते.

वास्तविक त्या शाळेशी आपले नाते दूरचे का होईना, पण पायाभरणीपासूनचे आहे. ज्यांच्या देणगीतून ती निघाली ते जमशेटजी जीजीभाई हे पारशी व्यापारी. चीनशी कापूस आणि अफू यांचा व्यापार करून त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. त्या व्यापारातील त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन होते, रोजेरियु द फारिया हे गोवेकर ख्रिस्ती होते, आणि मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान होते. वर ज्यांचे नाव आले तेच हे रोगे. चार धर्मांच्या या पेढीचे पैसे कोणकोणत्या मार्गाने आले हा प्रश्न आज अवघड वाटतो, आणि अफूचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण मुंबईतील इस्पितळे, शाळा आणि धर्मशाळा त्या काळी अशाच पैशांतून उभ्या राहिल्या, हेही खरे.

जमशेटजींनी 1853 साली सरकारला एक लाख रुपये देऊ केले. दोन वर्षांपूर्वी, 1851 साली, लंडनला जे मोठे प्रदर्शन भरले होते त्यात हिंदुस्थानातील विणकर, कासार, सुतार, मीनाकाम करणारे यांच्या वस्तू पाहून युरोपातील लोक थक्क झाले होते. येथे मात्र तोच कारागीर यंत्राच्या मालापुढे टिकेना. त्याच्या मुलांना रेखन, नक्षी, मातीकाम, धातूकाम व लाकडावरील कोरीवकाम शास्त्रशुद्ध रीतीने शिकविले तर तो तगेल, असा देणगीमागील हेतू होता. 2 मार्च 1857 रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये पहिले वर्ग सुरू झाले. म्हणजे ही शाळा चित्रकार घडविण्यासाठी निघालीच नव्हती. ती हुनरमंदांसाठी निघाली होती.

त्याच 1857 साली, जुलै महिन्यात, मुंबई विद्यापीठही स्थापन झाले. दोन्ही संस्था एका शहरात, एका वर्षी जन्मल्या. पण एकीचा दुसरीशी संबंध आला नाही. विद्यापीठाने भाषा, तत्त्वज्ञान, कायदा, वैद्यक, स्थापत्य यांना पदव्या दिल्या. चित्रकलेला दिली नाही. गंमत अशी, की आपण आजही 'पोरगा आर्ट्सला गेला' असे म्हणतो तेव्हा तो इतिहास नाहीतर अर्थशास्त्र शिकत असतो. 'कला' शाखेत कलाच नाही! चित्रशाळा सरकारच्या शिक्षणखात्याखाली राहिली, परीक्षा खात्याच्या, प्रमाणपत्रे खात्याची. पुढे शंभराहून अधिक वर्षे जे. जे.तून बाहेर पडणाऱ्याच्या नावापुढे बी. ए. लागले नाही, डिप्लोमा लागला. आपल्यासारख्या समाजात, जेथे मुलाच्या शिक्षणाची किंमत लग्नाच्या बोलणीत आणि नोकरीच्या अर्जात पदवीवरून ठरते, तेथे या एका गोष्टीने किती मुलांची वाट अडविली असेल याचा हिशेब कोणी केलेला नाही.

शाळेने मात्र काम थोर केले. 1865 साली लॉकवुड किपलिंग नावाचे शिक्षक तेथे आले. त्यांचा मुलगा रुडयार्ड, जो पुढे मोठा लेखक झाला, त्याच आवारात जन्मला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवर जी शेतकऱ्यांची आणि बाजारकऱ्यांची दगडी कोरीव चित्रे आहेत ती या किपलिंगांच्या हातची. आंब्याच्या पेट्या घेऊन त्या दारातून शेकडो वेळा आत गेलेल्या आपल्या बागाईतदारांपैकी किती जणांनी मान वर करून ती पाहिली असतील? व्हिक्टोरिया टर्मिनसच्या इमारतीवरील नक्षीकामातही या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. ग्रिफिथ्स नावाच्या प्राध्यापकांनी 1872 पासून 1885 पर्यंत विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या नकला करविल्या. लंडनला पाठविलेल्या त्या नकलांपैकी पुष्कळ आगीत जळाल्या.

हळूहळू कारागिराची शाळा मागे पडली आणि तैलरंगातील व्यक्तिचित्रे काढणाऱ्या चित्रकारांची शाळा पुढे आली. मुलांना घडवून गावोगाव ड्रॉइंगमास्तर पाठविण्याचे कामही तिने केले. आमच्यासारख्यांची कुळी तेथलीच.

कोकणातून तेथे गेलेल्यांची उदाहरणे देण्यासारखी आहेत. शिल्पकार वि. पां. करमरकर हे अलिबागजवळच्या सासवण्याचे. त्यांचा हात पाहून तेव्हाचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना जे. जे.त जाण्यास साहाय्य केले. पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्यांचा. समुद्राची जलरंगातील चित्रे काढणारे प्र. अ. धोंड हे पुढे जे. जे.चे प्रमुख झाले, आणि त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' असे नाव दिले. रापण म्हणजे काय हे रत्नागिरीकरांना सांगावयास नको.

आता एक हकीकत सविस्तर सांगतो, कारण ती आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नाही. पुण्यात 1880 साली एका बेने इस्राएल कुटुंबात सॅम्युएल रहमीन हा मुलगा जन्मला. बेने इस्राएल म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके राहिलेले, मराठी बोलणारे यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. हा मुलगा जे. जे.त शिकला, तेथून लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत गेला. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्याला आपला कलाविषयक सल्लागार नेमले. 1912 साली त्याने अतिया फैजी यांच्याशी निकाह केला व इस्लाम स्वीकारला. अतियाबेगम तय्यबजी-फैजी घराण्यातील. ज्या बद्रुद्दीन तय्यबजींनी 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम काढली त्यांचेच हे घराणे. अतियाबेगमांची बहीण नाझली ही आमच्याच किनाऱ्यावरील जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम. अतियाबेगम स्वतः 1906 साली शिष्यवृत्तीवर लंडनला अध्यापनाचे शिक्षण घेण्यास गेल्या होत्या, आणि तेथील दिवसांची रोजनिशी त्यांनी उर्दूत प्रसिद्ध केली. मुसलमान स्त्रीने शिकावे की नाही, असे लोक ज्या काळात विचारीत होते, त्या काळातील ही गोष्ट.

लग्नानंतर या चित्रकाराने बायकोच्या घराण्याचे नाव आपल्या नावात घेतले आणि तो सॅम्युएल फैजी रहमीन या नावाने प्रसिद्धीस आला. अतियाबेगमांनी हिंदुस्थानी संगीतावर पुस्तक लिहिले, त्यातील चित्रे नवऱ्याने काढली. लंडनमध्ये शिकलेली तैलरंगाची पद्धत बाजूस ठेवून रहमीन राजपूत आणि मोगल लघुचित्रांच्या रीतीकडे वळले. नवी दिल्लीच्या सरकारी सचिवालयातील घुमटांची चित्रे रंगविण्याच्या कामात ते होते. फाळणीनंतर ही जोडी कराचीस गेली. तेथे रहमीन 1964 साली आणि अतियाबेगम 1967 साली वारल्या. यहुदी घरात जन्मलेला, मराठी मुलखात वाढलेला, हिंदू संस्थानिकाच्या पदरी राहिलेला आणि मुसलमान म्हणून मेलेला हा माणूस जे. जे.चा विद्यार्थी होता. त्याला त्याच्या मोहल्ल्याने ओळखावे म्हणून तरी ही चार वाक्ये लिहिली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या समाजातील तीन मुले त्या आवारात शिकत होती, आणि तिघेही पुढे जगभर गाजले. सय्यद हैदर रझा हे मध्य प्रांतातील मंडला जिल्ह्यात जंगल खात्यात असलेल्या एका नोकराचे चिरंजीव. प्रथम नागपूरच्या कलाशाळेत शिकले, 1943 साली मुंबईस आले, ब्लॉक करणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करीत चित्रे काढीत राहिले आणि जे. जे.चे शिक्षण पुरे केले. दुसरे अकबर पदमसी, मुंबईच्या खोजा कुटुंबातील. त्यांच्या एका चित्रावर 1954 साली अश्लीलतेचा खटला झाला, तो त्यांनी लढवून जिंकला. तिसरे तय्यब मेहता. हे प्रथम चित्रपटांच्या संकलनाचे काम करीत. मग 1947 साली जे. जे.त दाखल झाले आणि 1952 साली डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. फाळणीच्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरील आपल्या घराच्या खिडकीतून त्यांनी एका तरुणाला जमावाने ठार मारताना पाहिले. ते दृश्य जन्मभर त्यांच्या चित्रांतून गेले नाही. खाली कोसळणारा माणूस त्यांनी पुनःपुन्हा काढला. चौथे नाव मकबूल फिदा हुसेन यांचे. ते पंढरपूरला जन्मले, मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून आणि लाकडी खेळण्यांचे नमुने करून पोट भरीत. जे. जे.चा रीतसर डिप्लोमा त्यांच्याजवळ नव्हता. 1947 साली सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे व बाकरे यांनी जी प्रोग्रेसिव्ह मंडळी स्थापिली, तिच्यातील सहांपैकी दोघे मुसलमान होते.

येथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तय्यब मेहतांचे एक चित्र 2002 साली लिलावात सुमारे दीड कोटी रुपयांना गेले. वर्तमानपत्रांतून ते फार गाजले आणि चित्रकार म्हणजे कोट्यधीश असा एक समज झाला. लिलावातील पैसा चित्राच्या त्या वेळच्या मालकाला मिळतो, चित्रकाराला नव्हे. मेहतांनी आयुष्याची कितीतरी वर्षे साध्या घरात, बेताच्या मिळकतीत काढली. तेव्हा कुवेतच्या त्या गृहस्थांनी विचारलेल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर दीड कोटीत शोधू नये. ते शिकणाऱ्याच्या हाती पडणाऱ्या कागदात आणि कामात आहे, आणि त्यासाठी बडोद्यास जावे लागते.

बडोदे म्हणजे गुजरातेतील मराठी राजाचे शहर. सयाजीराव गायकवाडांनी 1890 साली तेथे कलाभवन काढले. नाव कलाभवन असले तरी त्यात रंगाई, सुतारकाम, यंत्रकाम, छायाचित्रण असे सर्व हुनर शिकवीत. चित्रपटमहर्षी दादासाहेब फाळके जे. जे.तून तेथेच गेले होते. स्वातंत्र्यानंतर 1949 साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द घालावयास लावणाऱ्या त्या याच. त्यांच्या कारकीर्दीत 1950 साली विद्यापीठात ललित कला विद्याशाखा उघडली, आणि विज्ञान, वाणिज्य, वैद्यक यांच्या रांगेत चित्र आणि शिल्प येऊन बसले. चित्रकलेत पदवी आणि पुढे पदव्युत्तर पदवी देणारी अशी व्यवस्था विद्यापीठाच्या अंगणात प्रथम येथे झाली.

फरक केवळ नावापुढील अक्षरांचा नव्हता. जे. जे.त हात घडविण्यावर भर असे. बडोद्यात हाताबरोबर वाचनही आले. कलेचा इतिहास हा विषय सर्वांना शिकावा लागे. ना. श्री. बेंद्रे चित्रकला शिकवीत; ते इंदूरचे, मराठीच. शंखो चौधुरी शिल्प शिकवीत, आणि शांतिनिकेतनहून आलेले के. जी. सुब्रमण्यन भित्तिचित्रापासून खेळण्यापर्यंत सर्व काही. विद्यापीठाचे ग्रंथालय, वसतिगृह, शिष्यवृत्त्या या सर्वांवर चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा इतरांइतकाच हक्क झाला. गरिबाच्या मुलाला याचा अर्थ फार मोठा असतो. श्रीनगरमधील गुलाम रसूल नावाचा तरुण रेशीम विणणे, कागदाच्या लगद्याच्या वस्तू रंगविणे अशी कामे करीत असे. 1954 साली त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो बेंद्र्यांच्या हाताखाली शिकण्यास बडोद्यास आला. पुढे 1977 साली पद्मश्री मिळविणारे गुलाम रसूल संतोष ते हेच. 'संतोष' हे त्यांच्या पत्नीचे नाव. रहमीनप्रमाणे यांनीही ते आपल्या नावास जोडले. आमच्या चित्रकारांना ही खोड कोठून लागली कोण जाणे!

1937 साल मला नेहमी आश्चर्याचे वाटते. त्या एका साली तीन मुसलमान मुले जन्मली आणि तिघांच्या वाटा तीन दिशांनी गेल्या.

पहिले गुलाममोहम्मद शेख. सौराष्ट्रातील सुरेंद्रनगरचे, साध्या घरातील. मदरशात कुराणशरीफ शिकले आणि शाळेत संस्कृत. 1955 साली बडोद्यास आले, 1959 साली बी. ए. आणि 1961 साली एम. ए. झाले, आणि एम. ए. होण्यापूर्वीच तेथे कलेचा इतिहास शिकवू लागले. राष्ट्रकुल शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल कॉलेजात 1963 ते 1966 शिकून परत बडोद्यासच आले आणि 1993 पर्यंत शिकवीत राहिले. भोपाळच्या विधान भवनातील प्रचंड भित्तिचित्र त्यांचे. ते गुजरातीतील नावाजलेले कवी व लेखकही आहेत. 1983 साली पद्मश्री, 2014 साली पद्मभूषण. त्यांच्या चित्रांत कबीर येतो, मोगल लघुचित्र येते, इटलीतील जुने शहर येते, आणि ही सर्व मंडळी एका रस्त्याने चालत असल्यासारखी दिसतात. विद्यापीठात शिकलेला चित्रकार म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी हे नाव सांगतो.

दुसऱ्या झरीना हाश्मी. त्या अलीगढच्या. 1958 साली अलीगढ विद्यापीठातून गणितात पदवी घेतली, आणि नंतर पॅरिसला छापचित्रे करण्याचे शिक्षण घेतले. पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झाल्या आणि 2020 साली लंडन येथे वारल्या. त्यांच्या लाकडी ठशांच्या चित्रांत घराचा नकाशा, उंबरा, सरहद्द यांच्या रेषा असतात, आणि खाली नस्तालिकमध्ये उर्दू शब्द. त्यांत माणूस नाही, प्राणी नाही.

तिसऱ्या नसरीन मोहम्मदी. जन्म कराचीचा, बालपण पुढे मुंबईत. वडिलांचा बहारीनमध्ये कॅमेऱ्यांच्या सामानाचा व्यापार होता; आखाताशी असे नाते आपल्या घरोघरी आहे. 1954 ते 1957 लंडनला आणि नंतर पॅरिसला शिकल्या. 1972 पासून बडोद्याच्या विद्याशाखेत शिकवू लागल्या. त्यांचे काम म्हणजे पेन्सिल, शाई आणि मोजपट्टी. कागदावर अत्यंत बारीक रेषा, कधी समांतर, कधी तिरप्या, विणकराच्या मागावरील ताण्यासारख्या. शेवटच्या वर्षांत एका आजाराने हातावरील ताबा सुटत चालला, तरीही रेषा काढणे थांबले नाही. 1990 च्या मे महिन्यात अलिबागजवळ किहीम येथे त्यांचे निधन झाले. हयातीत फार थोड्यांना नाव ठाऊक होते. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आपली नवी इमारत उघडली तेव्हा पहिल्या प्रदर्शनांत त्यांच्या रेषा होत्या.

आता तसबिरीचा प्रश्न. सजीवांची चित्रे काढण्याविरुद्ध हदीसमध्ये कडक शब्द आहेत आणि उलेमांपैकी अनेक जण ते शब्दशः घेतात. काही जण पूजेसाठी केलेली प्रतिमा आणि इतर चित्र यांत भेद करतात. या वादात मी पडत नाही. परंतु इतिहास असा, की मुसलमानांच्या राज्यांत चित्रकला बंद पडली नाही. अकबराच्या दरबारात मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद या इराणी उस्तादांच्या देखरेखीखाली हमजानाम्याची सुमारे चौदाशे चित्रे झाली. आपले कोकण ज्या विजापूरच्या अंमलाखाली होते तेथील इब्राहिम आदिलशहा दुसरा हा स्वतः संगीत आणि चित्रे यांचा शौकीन होता. ज्यांना सजीवांचे चित्र नको त्यांच्यासाठीही मैदान मोकळेच राहिले: खत्ताती, वेलबुट्टी, भूमिती, इमारत. दाभोळच्या खाडीकाठी जी आदिलशाही मशीद उभी आहे, तिचे घुमट, मिनार आणि कमानी पाहा. ते प्रमाण कोणीतरी कागदावर आखल्याशिवाय दगडात आले नसेल.

कलामहाविद्यालयाच्या चित्रकला शाखेत समोर माणूस बसवून त्याचे चित्र काढावे लागते. हे पालकांपासून लपवू नये. पण जे. जे.तच मातीकाम, वस्त्रांवरील नक्षी, धातूकाम, अंतर्गत सजावट असे विभाग आहेत, आणि जाहिरात, छपाई, अक्षररचना शिकविणारी उपयोजित कलेची शाखा निराळी आहे. माझी एक विद्यार्थिनी संकल्पचित्राच्या पेपरात जिल्ह्यात नाव घेण्यासारखी होती. तिने सारी नक्षी मेंदीतून उचललेली होती. तिला कोणी पुढे पाठविले नाही. तसबिरीचे कारण सांगितले गेले. तिच्या वहीत सजीव असे काहीच नव्हते.

मुंबई विद्यापीठाची गोष्ट अर्धी राहिली. जे. जे.च्या आवारातील वास्तुकलेला 1952 साली विद्यापीठाची मान्यता मिळाली. उपयोजित कलेची संस्था 1961 साली वेगळी निघाली. 1965 साली राज्याचे कला संचालनालय स्थापन झाले आणि परीक्षा त्याच्याकडे आल्या. चित्र आणि शिल्प मात्र डिप्लोमावरच राहिले, ते 1981 पर्यंत. त्या वर्षी जे. जे. मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले. 1857 साली एकत्र जन्मलेल्या दोन भावंडांची गाठ पडावयास 124 वर्षे लागली! 2023 साली जे. जे.ला स्वतःच अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

1981 सालीच आणखी एक गोष्ट घडली. लाहोरच्या 'जंग' दैनिकासाठी संगणकावर नस्तालिक अक्षर तयार झाले. तोपर्यंत उर्दू वर्तमानपत्राचे एकेक पान कातिब बोरूने लिहीत. मुंबईत अशा कातिबांची मोठी बिरादरी होती. पाच-दहा वर्षांत ती बोरू खाली ठेवून बसली. आमची स्वतःची कला म्हणून जिच्याविषयी कोणाचा धार्मिक आक्षेप नव्हता, जी मशिदीच्या मेहराबीवर आणि लग्नाच्या पत्रिकेवर दिसे, तिला ना डिप्लोमा होता ना पदवी. उस्तादाकडून शागिर्दाकडे ती जाई. शागिर्द येईनासे झाले. देवनागरीला र. कृ. जोशी, अच्युत पालव यांच्यासारखे शिकलेले लोक लाभले, त्यांनी संगणकाच्या काळातही अक्षराला नवे काम मिळवून दिले. नस्तालिकच्या वाट्याला आमच्या बाजूने असा मुलगा आला नाही. कुवेतहून आलेल्या त्या गृहस्थांना मला हे सांगावयास हवे होते, की हुनर केवळ हातात राहिला तर तो त्या हातांबरोबर जातो.

आता रत्नागिरीच्या मुलाला मुंबई-बडोद्यासच जावे लागते असेही नाही. जिल्ह्यात सावर्डे आणि देवरूख येथे कलेचे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या आहेत. घरून डबा घेऊन जाण्याच्या अंतरावर त्या प्रत्येकाला नसतील. पण मुलींना दूर पाठविण्यास जे पालक तयार नसतात त्यांनी त्या एकदा जाऊन पाहाव्यात. मुलांना तेथे मातीत हात घातलेले पाहिले की पुष्कळ शंका आपोआप कमी होतात.

पदवीचा अभ्यासक्रम बारावीनंतर चार वर्षांचा असतो. बारावी कोणत्या शाखेतून केली याला महत्त्व नाही. प्रवेशासाठी राज्याची सामायिक परीक्षा असते. तीत वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची प्रात्यक्षिके आणि कलेसंबंधी सामान्यज्ञानाचे प्रश्न येतात. अभिमत विद्यापीठ झाल्यावर जे. जे.चे नियम निराळे झाले आहेत आणि ते बदलतही असतात, तेव्हा त्या त्या वर्षाचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा. आठवी-नववीत ग्रेड परीक्षा दिलेल्या मुलाला यातील बरेचसे ओळखीचे वाटेल, कारण पेपर त्याच घाटाचे असतात. स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात; वस्तुचित्रात घडा, कांदा, कापडाची घडी अशा वस्तू समोर मांडलेल्या असतात, आणि तेथेच आपली मुले वेळ कमी पडून मागे राहतात. घड्याळ लावून रोज एक वस्तू काढण्याचा सराव दहावीपासून ठेवला तर ही अडचण राहत नाही.

मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मी जमवून ठेविल्या आहेत. ज्या विद्यार्थ्यांना त्या पाहावयाच्या असतील त्यांनी रविवारी सकाळी संस्थेच्या वाचनालयात यावे. येताना आपली वही आणि एक पेन्सिल आणावी. पालकही आले तर बरे होईल.